सुलतानाचा पिवळा अंगरखा

मी एका राजाच्या मानेचं माप घेतलेलं आहे. साडेचौदा इंच. हे घरात सांगितलं की नातू विचारतो, "म्हैसूरच्या का, अज्जा?" नाही. म्हैसूरच्या महाराजांचे शिंपी वेगळे, त्यांच्या दारात आम्हाला कोण उभं करणार. माझा राजा समुद्रापलीकडचा, मलायातल्या एका छोट्या मुलखाचा सुलतान होता, आणि लढाई संपल्यावर इंग्रजांनी त्याला गादीवरून उतरवून आमच्या बेंगळुरात आणून ठेवला होता. दंडूच्या बाजूला, म्हणजे जिकडे गोरी पलटण राहायची तिकडे, लाल कौलांचा एक बंगला होता. त्यात तो दोन वर्षांच्या आसपास होता आणि त्याचे कपडे मी शिवले. माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे मला लिहिता येत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी हे प्रकरण सोडून पुढं जावं. नातसून म्हणाली, तुम्ही लिहा, मी शुद्धलेखन बघते. मी नको म्हटलं. माझ्या हातचा कपडा मी कधी दुसऱ्याकडे उसवायला दिला नाही.

आमचं दुकान मल्लेश्वरमला. पुढं दुकान, मागं दोन खोल्या, मध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडे कापडाचा आणि मशीनच्या तेलाचा वास, पलीकडे सारूच्या, म्हणजे पातळ आमटीच्या, फोडणीचा. आई नाचणीचे मुद्दे, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, वळायची तेव्हा लाकडी दांडा भांड्यावर आपटल्याचा आवाज यायचा आणि तो आला की अण्णा, म्हणजे माझे वडील, हातातली कात्री खाली ठेवायचे. आमचे आजे-पणजे रंगारी, कापडं रंगवून छापणारे. गावातले जुने मराठे लोक अजून आमच्या घराला रंगाऱ्यांचं घर म्हणायचे, पण अण्णांच्या आधीच्या पिढीत रंगाचे हौद बुजले आणि मशीन आलं. अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तसा त्यांनी मला शाळेतून काढून दुसऱ्या मशीनवर बसवलं. मला विमानाच्या कारखान्यात जायचं होतं. शेजारचा एक पोरगा तिथं लागला होता, रोज डबा घेऊन ऐटीत सायकलवरून जायचा. मी अण्णांना एकदाच विचारलं. ते म्हणाले, "विमानाला काज करायचे असतात काय?" तेवढ्यावर विषय संपला. माझं मशीन भिंतीकडे तोंड करून होतं. त्या भिंतीवरचा प्रत्येक पोपडा मला पाठ होता. सोळा वर्षांच्या पोराला हे किती जड जातं ते आता कोणाला सांगून उपयोग नाही.

पलटणीतल्या साहेबांच्या पॅंटी अण्णांकडे येत. त्यातूनच एका दुपारी एक म्हातारा गोरा सार्जंट आला आणि म्हणाला, बंगल्यावर एक म्हातारा आहे, कपडे शिवायचेत, शिंप्यानं तिथं येऊन मापं घ्यायची. अण्णांना सायकल चालवण्याइतकं दिसत नव्हतं, म्हणून मी गेलो. फाटकाला साखळी होती. तिचा आवाज मोठा होता, आत येताना एकदा आणि माझ्या पाठीमागं पुन्हा एकदा. सार्जंटनं माझं गाठोडं काठीनं उलगडलं आणि नियम सांगितले. चिठ्ठी न्यायची नाही, आणायची नाही. वर्तमानपत्र नाही. आणि पिवळं कापड नाही.

"पिवळंच का?" मी विचारलं.

"टेलर, तुझं काम शिवायचं."

माळ्यानं मला नंतर सांगितलं. त्या लोकांत पिवळा रंग फक्त राजाचा. दुसऱ्या कोणी अंगावर घातला तर गुन्हा. म्हणून इंग्रजांनी पिवळं काही आत येऊ द्यायचं नाही असं ठरवलेलं. माळ्याच्या शेवंतीची झाडं सार्जंटनं उपटून टाकायला लावली होती. माळी म्हणाला, "मागं भोपळ्याचा वेल आहे. त्याला फुलं येतात, ती अजून साहेबानं बघितली नाहीत. बघितली तर भोपळ्यालाही कोर्टात उभा करील."

सुलतान पन्नाशी-पंचावन्नचा, बारीक, गव्हाळ, हात अगदी बायकांसारखे नाजूक. व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसायचा. त्याच्याबरोबर एकच माणूस येऊ दिला होता, पाक लेह नावाचा म्हातारा. स्वयंपाक, कपडे, पानाचा डबा, सगळं तोच बघायचा. मालकासमोर तो कधी उभा राहून बोलत नसे, जमिनीवर बसूनच बोलायचा. स्वयंपाकघरातून खोबऱ्याच्या दुधाचा आणि सुक्या झिंग्यांचा वास यायचा, आणि सार्जंट नाकाला रुमाल लावून फाटकाजवळ जाऊन बसायचा. मला तो वास पहिल्या दिवशी सोसला नाही. तिसऱ्या दिवशी पाक लेहनं भातावर वाढून दिलं, ते मी खाल्लं, आणि घरी येऊन आईला काही सांगितलं नाही. सुलतानाला हिंदुस्थानी येत होती, कारण त्याच्या राजवाड्यावर शीख पहारेकरी असत आणि लहानपणी तो त्यांच्याच मांडीवर खेळला होता. त्यामुळे तो मला 'पुत्तर' म्हणायचा. मी त्याला हुजूर म्हणायचो. आमची ती हिंदुस्थानी दोघांचीही मोडकी होती, इथं मी ती आपल्या भाषेत लिहितो आहे.

माप घेताना माणसाला एका जागी उभं राहावं लागतं, दुसरं काही करता येत नाही, म्हणून माणसं शिंप्याशी बोलतात. त्याची सगळी कारकीर्द मी अशी टेप गळ्यात घालून ऐकली. एकोणिसाव्या वर्षी गादीवर बसला. नदीच्या एका काठाला राजवाडा, समोरच्या टेकडीवर इंग्रज सल्लागाराचा बंगला, आणि तो बंगला राजवाड्याहून उंच. करारात लिहिलेलं की धर्म आणि रीतिरिवाज सुलतानानं बघायचे, बाकी सगळ्यात सल्लागाराचा सल्ला घ्यायचा. "आणि मानायचा," सुलतान म्हणाला. "हा शब्द माझ्या वडिलांनी नीट वाचला नव्हता." कथिलाच्या खाणी, रबराचे मळे, रस्ते, तुरुंग, सगळ्या कागदांवर त्यानं सही केली. एकदाच नाही म्हणाला होता. नदीवरच्या पुलाचा रस्ता एका गावाच्या कबरस्तानातून जाणार होता. सल्लागार रागावला नाही. त्यानं दुसऱ्या दिवशी सुलतानाच्या धाकट्या भावाला चहाला बोलावलं. "नुसतं चहाला, पुत्तर. तिसऱ्या दिवशी मी सही केली." मग लढाईत जपानी आले, सायकलींवर बसून. त्यांनी त्याला दिवसभर उन्हात उभा केला आणि संध्याकाळी परत गादीवर बसवून पुढं कागद ठेवले. तेही त्यानं सही करून दिले. जपानी हरले, इंग्रज परत आले, म्हणाले, तू शत्रूच्या कागदांवर सह्या केल्यास. "मी म्हटलं, सही करायला तुम्हीच तर शिकवलंत." हे सांगताना तो हसला, आणि माझ्या हातातला छातीचा टेप हलला म्हणून मला माप परत घ्यावं लागलं.

त्याच्या जागी इंग्रजांनी त्याच भावाच्या मुलाला बसवलं होतं. पण पिवळ्या कपड्यांतला जुना सुलतान जिवंत असेपर्यंत तिकडचे लोक पुतण्याला मनापासून मानेनात. म्हणून एक कागद तयार झाला होता. मी आपखुशीनं गादी सोडतो, माझा पुतण्याच खरा सुलतान, मी आणि माझी मुलं कधी हक्क सांगणार नाही. सही केली तर घरी सोडणार, आईच्या गावी, साधा माणूस म्हणून. नाही केली तर हा व्हरांडा, ही साखळी, मरेपर्यंत. आईची ऐंशी उलटली होती, दोन्ही डोळे गेलेले. पाक लेह मला स्वयंपाकघरात हळूच म्हणायचा, "म्हातारी रोज विचारते, आला का. रोज." त्याचं मत होतं सही करावी. माझं मत होतं मुळीच करू नये. मला कोणी विचारलं नव्हतं, तरी मी सुलतानाला सांगितलं. भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्या पोराला दुसऱ्या कोणीतरी मान वाकवू नये असं फार वाटतं. आता वाटतं, किती सोपं होतं मला ते. माझी आई पडद्यापलीकडे मुद्दे वळत होती.

आज मी महादेवपुऱ्यात नातवाच्या घरी अकराव्या मजल्यावर राहतो. खाली जायचं तर लिफ्टला कार्ड लागतं, ते नातवाच्या खिशात. मागं एकदा जिन्यानं उतरलो तर फाटकावरचा पोरगा म्हणाला, "अज्जा, घरच्यांना फोन करतो, स्वल्प थांबा." माझ्या काळजीनंच करतात, मी समजतो. पण थांबा म्हटलेलं मला आवडत नाही.

तर, मोठा साहेब कागद घेऊन येणार असं कळलं तेव्हा सुलतानानं मला पांढरं रेशीम आणायला सांगितलं. अंगरखा शिवायचा होता, तिकडच्या पद्धतीचा, उभ्या गळपट्टीचा. शिवून झाला तेव्हा तो घालून आरशासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "पांढऱ्यात मी नाही म्हटलं तर एक कैदी नाही म्हणतोय. पिवळ्यात म्हटलं तर सुलतान म्हणतोय. ते लोक शब्द ऐकत नाहीत, पुत्तर, रंग बघतात." मी म्हटलं, हुजूर, पिवळं कापड आणता येणार नाही, पण पिवळं करता येईल. माझे पणजे रंगारी होते. स्वयंपाकघरात हळद असतेच, तिला कोणता सार्जंट अडवणार. पाक लेहनं माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे नको. सुलतानानं विचारलं, "रंग पक्का राहील?"

"पक्का," मी म्हटलं.

तुरटीच्या पाण्यात रेशीम भिजवलं, हळकुंडं कुटून मोठ्या पातेल्यात उकळली आणि अंगरखा त्यात बुडवला. न्हाणीघरात दार लावून सावलीत वाळवला. काय रंग आला होता. हौद बुजले तरी हात विसरले नव्हते, असा मला गर्व झाला. गर्व झाला म्हणूनच मी विसरलो. आमच्या घरात कुंकू बाहेरून येत नसे. आई हळदीत चुना कालवायची, आणि बघता बघता ती लाल व्हायची, हे मी रांगायला लागल्यापासून बघत होतो. आणि सुलतान दिवसाला पंधरा-वीस पानं खायचा, स्वतःच्या बोटानं चुना लावून, आणि बोट पुसायची त्याची जागा ठरलेली, डाव्या छातीवर. त्याच्या प्रत्येक सदऱ्यावर तिथं पांढरा डाग असायचा. या दोन गोष्टी मला इतक्या ठाऊक होत्या, तरी एकदाही एकत्र आठवल्या नाहीत.

साहेब आला सकाळी दहाच्या सुमाराला, बरोबर एक दुभाषी. दुभाषी सुलतानाच्याच मुलखातला, कोट-पॅंटमधला तरुण कारकून. गळपट्टीचा हूक ऐन वेळी निघाला म्हणून मी आतच होतो, टाका घालून दाराशी उभा राहिलो. सुलतान बाहेर आला. पिवळा अंगरखा, डोक्याला घड्या घातलेला रुमाल. त्या घड्या प्रत्येक सुलतानाच्या वेगळ्या असतात, त्याच्या त्यानं स्वतः घातल्या होत्या. तो मधल्या दिवाणखान्यात आला, आणि तो दुभाषी, ज्याच्या हातात साहेबाचे कागद होते, तो कागद तसेच जमिनीवर टाकून गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. कोणी सांगितलं नव्हतं. साहेब त्याच्या नावानं ओरडला तरी तो उठला नाही. साहेबाचं तोंड लाल झालं, सार्जंट दारात आला, आणि सुलतान शांतपणे खुर्चीत बसला. दोन वर्षांत मी त्याला असा बसलेला पाहिला नव्हता. पाठ खुर्चीला टेकलेली नव्हती.

"बोला," सुलतान म्हणाला.

साहेब बोलायला लागला. बराच वेळ बोलला. दुभाषी बसल्या जागेवरूनच खालच्या आवाजात सांगत होता. मध्ये पाक लेहनं पानाचा डबा पुढं केला, सवयीनं. सुलतानानं पान घेतलं, चुना लावला, तोंडात घातलं, आणि बोट छातीवर पुसलं. मी पाहिलं आणि मला आईचं कुंकू आठवलं. आधी काही झालं नाही. मग तिथं लाल उमटलं. पान खाऊन झाल्यावर त्यानं दुसरं घेतलं, परत तेच. तिसऱ्या वेळी साहेब बोलायचा थांबला. डाव्या छातीवर हाताएवढा लाल डाग, कोणी सुरा खुपसल्यासारखा. साहेब उठला, जवळ आला, त्याला खरंच रक्त वाटलं असावं. सुलतानानं खाली पाहिलं. मग माझ्याकडे.

"हे काय आहे?"

खोटं सुचलं नाही. "हळद, हुजूर," मी म्हटलं.

साहेबानं दुभाष्याला विचारलं, दुभाष्यानं सांगितलं. साहेब आधी नुसतं हसू दाबत होता, मग त्याला ते जमलं नाही. सार्जंटही हसला. दुभाषी हसला नाही, पण तो उठून उभा राहिला. गुडघे झाडले. खाली पडलेले कागद गोळा करून त्यांची धूळ झटकली. हसणं मी सोसलं असतं, पण तो उठला ते मला अजून दिसतं.

सुलतानानं अंगरख्याचा हूक काढला. मीच घातलेला हूक, त्याला सुटेना, पाक लेहनं मदत केली. अंगरखा काढून त्यानं घडी केली, बाह्या आत, जशी मी करायचो तशी, आणि मांडीवर ठेवली. आतल्या पांढऱ्या सदऱ्यात तो एकदम शाळेतल्या म्हाताऱ्या मास्तरासारखा दिसायला लागला. "कागद द्या," तो म्हणाला. साहेबानं पुढं केला. त्यानं चष्मा मागवला आणि वाचायला लागला. साहेबानं घड्याळ बघितलं, तरी तो वाचत राहिला, ओळीवर बोट ठेवून, शेवटपर्यंत. "हा पहिला कागद, जो मी पूर्ण वाचला," असं दुभाष्याला म्हणाला आणि सही केली.

माझ्या हळदीमुळं केली, की आईमुळं, की अंगरखा पक्का असता तरी केलीच असती, हे मला कळलेलं नाही. त्या वेळी मला काहीच समजून घ्यायचं नव्हतं. मला त्याचा राग आला. माझ्या चुकीचा राग यायला हवा होता, तो आला नाही. मी गाठोडं बांधलं आणि सलाम न करता निघालो. साखळी वाजली. त्यानंतर सार्जंटनं दोनदा निरोप पाठवला, मी गेलो नाही. अण्णांना सांगितलं, तिथलं काम संपलं.

आठवडा-दहा दिवसांनी, भर दुपारी, दुकानासमोर एक जटका, म्हणजे घोड्याची गाडी, थांबला आणि त्यातून सुलतान उतरला. एकटाच. पांढरा सदरा, डोक्याला साधी काळी टोपी. आता त्याला कोणी अडवत नव्हतं, तो कोणी राहिला नव्हता. दुकानात तीन गिऱ्हाईकं होती, एक शाळेचा गणवेश, एक ब्लाऊज, एक फाटलेली कॉलर. तो बाकावर त्यांच्या शेवटी जाऊन बसला आणि आपली पाळी यायची वाट बघायला लागला. ब्लाऊजवाली बाई जरा सरकली, बस. कोणी वळून बघितलं नाही. मी मान वर केली नाही. गणवेश घेतला, ब्लाऊज घेतला, कॉलर बदलायला लागतो त्यापेक्षा दुप्पट वेळ लावला. तो मांडीवर हात ठेवून बसला होता, आणि मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं की त्याला तिथं बसायला बरं वाटत होतं. रस्त्याकडे, गिऱ्हाईकांकडे, कात्रीकडे, सगळ्याकडे बघत होता.

पाळी आली तेव्हा तो माझ्याजवळ उभा राहिला. "पुत्तर, चार दिवसांनी बोट आहे. एक सदरा हवा. कापड मऊ बघ. आई हातानं चाचपून बघेल."

मी टेप गुंडाळत राहिलो.

"रंग कुठलाही चालेल," तो म्हणाला. "तिला दिसत नाही."

तो हसला होता. मीही हसावं म्हणून तो बोलला होता, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. माझ्या मागच्या फळीवर मऊ मलमल होती, दोन सदरे होतील एवढी. एका दुपारचं काम.

"वेळ नाही," मी म्हटलं. "पंधरा दिवस लागतील."

त्यानं फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सरी," म्हणाला, म्हणजे बरं. हा शब्द तो आमच्याकडूनच शिकला होता. पायरी उतरून रस्त्याच्या कडेला गेला. जटका पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला होता. बैलगाड्या, सायकली, एक बस. तो तिथं थांबला. एक पाऊल पुढं टाकलं आणि मागं घेतलं. मला आधी कळेना तो कशासाठी थांबलाय. मग कळलं, त्याला रस्ता ओलांडता येत नव्हता. आयुष्यभर त्याच्यासाठी कोणीतरी रस्ता थांबवला होता, नाहीतर त्यालाच थांबवला होता. मी दुकानात दहा पावलांवर बसलो होतो. तो बराच वेळ तसा उभा राहिला. शेवटी जुईची टोपली घेतलेली एक बाई आली, "बन्नी स्वामी," म्हणजे या, असं म्हणून तिनं त्याचा दंड धरला आणि त्याला गाड्यांमधून पलीकडे घेऊन गेली.

"कोण रे होता तो?" अण्णांनी विचारलं.

"गिऱ्हाईक."

मी मशीन चालू केलं. पाय जोरात मारत राहिलो. थोड्या वेळानं अण्णा म्हणाले, "राम्या, दोरा संपलाय. ऐकू येत नाही काय?"

"येतंय," मी म्हटलं, आणि पाय थांबवला नाही.